कपाटाची पाठ

नाना दारात येऊन उभे राहिले, तेव्हा अभिमन लग्नातलं कपाट अंगणात घेऊन काचेच्या तुकड्यानं त्याचा उरलासुरला रंग खरवडत होता. कपाट नानांनीच दिलेलं.

एक तर सासरा, त्यात निवृत्त हेडमास्तर. चोपड्याकडून एस.टी.नं धुळ्याला डोळे दाखवायला आले होते. पण जावयाच्या हातातली काच त्यांना फाटकातूनच दिसली होती.

“दिल्या वस्तूचं रूप बदलू नये,” पिशवी खाली न ठेवताच ते म्हणाले. “चॉकलेटी रंग वाईट होता का?”

“रंगाखाली सागवान निघालं, नाना.”

हे खरं होतं. बारा वर्षांपूर्वी मांडवात ते कपाट ओल्या रंगानिशीच आलं होतं आणि वरपक्षाच्या तीन बायकांची लुगडी त्याला चिकटून खराब झाली होती. त्या तिघी अजून नानांचं नाव काढत. गेल्या महिन्यात कोपऱ्याचा टवका उडाला आणि गल्लीतले पॉलिशवाले गफूरचाचा वाकून बघत म्हणाले, “साहेब, अस्सल सागवान आहे. याला रंग फासणं म्हणजे नवरीच्या अंगावर गोणपाट.”

मग चाचांनीच चहाच्या तीन कपांत सगळी विद्या दिली. नवशिक्यानं एका वेळी एकच बाजू धरावी. कॉस्टिक सोड्याचं पाणी लावावं, पण हाताला लागू देऊ नये. रंग फुगला की काचेनं काढावा, लाकूड धुऊन सावलीत नीट वाळवावं. सँडपेपर लाकडाच्या रेघेच्या अंगानं चालवावा, आडवा चालवला तर ओरखडे जन्मभर दिसतात. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख मलमलच्या बोळ्यानं पातळ लावावी, वाळू द्यावी, पुन्हा लावावी. “घाई केली की लाकूड सूड घेतं,” असं चाचांनी बजावलं होतं.

अभिमननं घाई केली नव्हती. तीन रविवार खपून त्यानं पुढची बाजू आणि दोन्ही कडेच्या बाजू अशा काढल्या होत्या, की नानांनाही क्षणभर बघत राहावं लागलं. आता शाबासकी मिळणार, असं त्या वेड्याला वाटलं.

नानांनी सँडपेपरचा तुकडा उचलला. “हा कुठला?”

“बाजारातला.”

नानांनी तुकडा उलटा केला. पाठीवर जांभळा शिक्का होता, ‘सरकारी माल’. अभिमन एका सरकारी कचेरीच्या भांडारात कारकून होता.

“आणि स्पिरिट?”

अभिमननं बाटली हळूच कपाटामागं सरकवली.

“लाख?”

“उरलेली होती, नाना. फेकूनच देणार होते.”

“ते तुम्ही ठरवायचं नाही, अभिमनराव. मी खिशात एक खडू राहिला म्हणून चार मैल परत चालत गेलो होतो.”

ही हकिगत अख्ख्या खानदेशाला पाठ होती. अभिमनच्या लग्नात ती दोन मैलांची होती.

“उद्या सोमवार. दहा वाजता आपण दोघं तुमच्या साहेबांकडे जाऊ. तुम्ही सगळं सांगायचं. मी शेजारी उभा राहीन.”

साहेब आधीच कुणाला तरी निलंबित करायला टपलेला होता. गेली नोकरी, असं त्याला स्पष्ट दिसलं. सासऱ्याला डोळे दाखवायला आजचाच मुहूर्त सापडावा, याचा त्याला मनापासून राग आला.

अभिमनची बायको प्रमिलाबाई चहा घेऊन आली. “नाना, चहा ल्या. आते सोडी द्या ना.”

“प्रमिला, कुणी बघत नसतं तिथंच माणूस कळतो,” नाना म्हणाले. मग कपाकडे बघून त्यांनी विचारलं, “साखर तरी घरची ना?”

चहा पिऊन त्यांनी सँडपेपर, बाटली, लाखेची पुडी असा सगळा पुरावा रुमालात बांधून उशाशी ठेवला आणि ओट्यावरच्या खाटेवर आडवे झाले. लगेच घोरूही लागले. कर नाही त्याला डर कशाला!

अभिमनला बसवेना. हाताला काहीतरी काम हवं होतं. सोडा आणि काच तेवढी घरची होती. राहिली होती फक्त कपाटाची पाठ, बारा वर्षं भिंतीला लागलेली. ती तशीच सोडायचं त्याच्या मनात होतं. पण नानांचं वाक्य त्याला झोंबलं होतं. न दिसणारी बाजूही चकचकीत केली, तर म्हाताऱ्याला दया येईल, अशी एक वेडी आशाही होती. त्यानं कपाट फिरवलं आणि पाठीला सोडा लावला.

रंग फुगला. काच फिरू लागली, तसे नाना दचकून उठले.

“ती बाजू राहू द्या. कोण बघतं तिथं?”

“म्हणूनच करतोय, नाना. तुम्हीच तर सांगितलं.”

“मी सांगतोय, राहू द्या!”

पण काच तोवर निम्म्या पाठीवरून गेली होती. रंगाखाली पुट्टी होती, ती भिजून खळ्यांतून सुटत होती. खळ्या लाकडात पटाशीनं खोल कोरलेल्या होत्या. आधी ‘मराठी’ निघालं, मग ‘शाळा’. खाली गावाचं नाव, ते अभिमनच्या सासुरवाडीचं. त्याखाली शाळेच्या सामानाच्या नोंदीचा क्रमांक, ‘जडसंग्रह, कपाट क्र. ३’.

अभिमन काच हातात धरून बसून राहिला. प्रमिलाबाईनं तोंडाला पदर लावला.

नाना खाटेवरून उतरले. आधी फाटकाबाहेर दोन्ही बाजूंना बघून आले. उशाशी बांधलेला रुमाल उचलून त्यांनी गाठ सोडली आणि सगळा माल जावयापुढे नीट मांडला. मग बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याशेजारी उकिडवे बसून हळू आवाजात म्हणाले,

“जावईबापू, तुमना हापिसमा चॉकलेटी रंग बी मिळस का?”