झाकून ठेवलेलं ताट

“टोपी घातली की डोक्यातलं सगळं दिसतं का?” शिवमने विचारलं. तो डॉक्टर आफरीनकडे नाही, टेबलावरच्या तारांकडे बघत होता.

“घाबरू नको रे. दुखत नाही.”

“दुखतं का, असं नाय इचारलं.”

“बोलतोय बघा कसा!” त्याची आई सुरेखा ओशाळून हसली.

शिवम एकवीस वर्षांचा. त्याला स्वमग्नता आहे, हे लहानपणीच कळलं होतं. गेल्या वर्षी देवगाव रंगारीचं घर बंद करून मायलेक शहरात, उस्मानपुऱ्यात खोली घेऊन राहिले होते. दिवाळीलासुद्धा गावी गेले नव्हते.

आफरीननी सुरेखाला बाहेर बसवून त्याच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली. पडद्यावर एक म्हातारी टोपल्यात भाकरी ठेवून बाहेर गेली. नातीने ती काढून डब्यात लपवली.

“आजी आल्यावर भाकरी कुठं शोधेल?”

“टोपल्यात. तिला काय माहीत?”

मग त्याला थोडा वेळ डोळे मिटून बसायला सांगून आफरीन बाहेर आल्या. बाकावर बसलेल्या सुरेखाने कपाळावरची टिकली काढून बांगडीला चिकटवली होती.

“लई उकडतंय,” ती म्हणाली. “मॅडम, त्याला दुसऱ्याच्या मनातलं कळतं का, तेवढं सांगा.”

“टोपीत मेंदूच्या लहरी दिसतात, मनातलं नाही. पण चित्रातली म्हातारी भाकरी कुठं शोधेल, याचं उत्तर त्यानं बरोबर दिलं. कदाचित वेगळ्या वाटेनं जाऊन देत असेल. तेच आम्ही शोधतोय.”

“चित्रातल्या म्हातारीचं कळतं, घरच्याचं नाय कळत. त्याचा बाप ट्रकवर असतो, सुरतेकडं. हा रोज सांजच्याला बापाचं ताट मांडतो. मी म्हणते, उशीर व्हईल त्यांना. तर म्हणतो, झाकून ठेव. सकाळी ती शिळी भाकर मीच खाते.” सुरेखाने बांगडीवरची टिकली बोटाने दाबली. “समजत असलं, तर त्याला एक गोष्ट सांगायची हाय. नसलं समजत, तर ऱ्हाऊ द्या.”

“कोणती गोष्ट?”

“हाय घरचीच.”

आत यंत्र वाजलं. टोपी काढायला आफरीन आत गेल्या. सुरेखाने घाईघाईने टिकली परत लावली.

“आई कुठंय?” शिवमने विचारलं.

“बाहेर. बोलवू?”

“नको. दार लावा.”

त्यांनी दार लावलं. शिवम टोपीच्या तारा एकेक करून सरळ करत बसला.

“तुमच्या मशिनीत बाबा दिसले का?”

“नाही रे. ते तर सुरतेला आहेत ना?”

“बाबा मेले. ट्रक उलटला. मला ठाव हाय, हे आईला सांगू नका. मी ताट मांडतो म्हणून ती टिकली लावती. तिला टिकली लई आवडती.”