कुरकुरीत भरली अंडी

सांगायला तोंड नाही, तरी सांगते. माझी भरली अंडी म्हणजे उकडून अर्धी कापायची, बलक मोहरी नि मिरपूड घालून घोटायचा आणि पांढऱ्या वाट्यांमध्ये परत भरायचा. वाट्या कशा, आरशासारख्या गुळगुळीत हव्यात. परवा सुनेची आई जेवायला आली, तर सुनेने त्याच वाट्या ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून, खरपूस तळून मग भरल्या.

मी गप्प बसते होय! वाढता वाढताच म्हटलं, "विहीणबाई, तुमच्या लेकीला साधं अंडंसुद्धा धड ठेवता येत नाही बघा. चांगल्या गोऱ्या तोंडाला चुरा फासलाय!"

विहीणबाईंचा घास हातातच राहिला. सून खाली मान घालून म्हणाली, "चुकलं, आई. म्हटलं, जरा कुरकुरीत करून बघावीत."

विहीणबाई गेल्यावर मी आवराआवर करायला घेतली. फ्रीजमधल्या डब्यात तळायच्या राहिलेल्या चार वाट्या सापडल्या. चष्मा चढवून बघितलं, तर सगळ्यांचे टवके उडालेले, नखं रुतलेली, कवचाचे तुकडे तसेच चिकटलेले. असल्या वाट्या पाहुण्यांपुढे कोण ठेवणार?

"ही अंडी सोलली कुणी गं?" मी कडाडले.

सून भांडी पुसत राहिली.

आणि मग मला सकाळ आठवली. "मला काय आंधळी समजतेस?" म्हणत तिच्या हातातलं उकडलेल्या अंड्यांचं पातेलं मीच सोलायला ओढून घेतलं होतं.