वेगळी चूल

नेव्हिल ओल्डरॉइडने धुतलेलाच ग्लास पुन्हा धुतला आणि परत खिडकीशी गेला. काउन्सिलची बाई अजून आली नव्हती. दुपारी येते म्हणाली होती, पण सरकारी माणसांची दुपार कधी सुरू होते हे कुणाला कळलंय?

महामारीने अख्ख्या थॉर्नसी गावाला कुलूप ठोकलं होतं. किनारा ओस, दुकानं बंद, आणि त्याचा 'ब्लू अँकर' पबही बंद. बंद धंद्यांना सरकार अनुदान देत होतं. त्याची तपासणी करायला ही बाई येणार होती. पण नेव्हिलचा जीव टांगणीला लागला होता तो पबसाठी नव्हे, घरासाठी. आजची तपासणी निभावली की टेकडीवरच्या घरी, बायकोकडे परत जायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

वेगळं राहायची युक्ती बायकोचीच, लोरेनची. जानेवारीत एका सकाळी टोस्टला लोणी लावता लावता तिने सांगितलं, की या अनुदानाला मर्यादा असते. एका मालकाचे धंदे कितीही असोत, सगळे मिळून एकच धरतात. नवराबायको एका घरात राहत असतील, तर त्याचा पब आणि तिचं केकचं दुकान हे सरकारच्या लेखी एकच. मर्यादा ओलांडली की एकाचं अनुदान बुडालंच म्हणून समज.

"मग गं?" नेव्हिलने विचारलं.

"वेगळं व्हायचं. लोकांना दाखवायला. तू पबच्या वरच्या खोलीत राहा."

नेव्हिल बघतच राहिला. तीस वर्षं तो गल्ल्यामागे उभा राहून गिऱ्हाइकांना बायकोवरचे विनोद ऐकवत आला होता. तिच्या दुकानाला तो भातुकली म्हणायचा. लोक हसायचे, तीही हसायची, निदान त्याला तसं वाटायचं. आणि आज हिचं डोकं असं चालावं! त्याला बायकोचं भारी कौतुक वाटलं.

तिने कामही चोख केलं. थंडीच्या कपड्यांबरोबर त्याचे उन्हाळी शर्ट बांधून दिले, मासे पकडायचे गळ दिले, भिंतीवरचा त्याच्या बापाचा फोटोसुद्धा दिला. दाराचं कुलूप बदललं. तुझ्याकडे घराची किल्ली सापडली तर काय, हात दाखवून अवलक्षण नको, असं तिचं म्हणणं. फोनही कामापुरताच करायचा. गावात चुगलखोरांना काय तोटा? खाटीक तर इतका फसला की विधुराला द्यावी तशी मटणाची एक तंगडी नेव्हिलला फुकट देऊन गेला.

नेव्हिलचे मात्र हाल झाले. बियरच्या रिकाम्या पिंपांशेजारी कसली झोप लागते? रविवार आला की लोरेनच्या हातचं भाजलेलं मटण आणि त्यावरचा तो दाट रस आठवून त्याला रडू यायचं. डब्यातले बीन्स खाऊन खाऊन जिभेची चव गेली होती. दिवसभर तो या टेबलापासून त्या टेबलापर्यंत येरझाऱ्या घालायचा आणि कुणीच न वापरलेल्या खुर्च्या पुसायचा.

मार्चमध्ये एकदा त्याला राहवलं नाही. भर दुपारी टेकडी चढून तो फाटकाशी जाऊन उभा राहिला. लोरेन बागेत गाणं गुणगुणत एका खुर्चीला पिवळा रंग देत होती. त्याला पाहून ती फाटकापर्यंत आली, पण तिने ते उघडलं नाही.

"करमतं का गं तुला?" त्याने विचारलं.

"सवय होते, नेव्ह. तू जा बरं, कुणी बघेल."

काय सोंग वठवते ही, असं म्हणत तो उतरणीला लागला. बिचारी एकटीच कुढत असेल, या विचाराने त्याला आणखीनच भरून आलं.

शेवटी बाई आल्या. मिस हॅटर्सली, मास्क लावलेल्या, शांत. त्यांनी तळघर पाहिलं, नळ पाहिले, पब आधी खरंच चालत होता ना याची दोन-चार प्रश्नांत खात्री करून घेतली. मग म्हणाल्या की झालं सगळं, आणि पर्स उचलली. बायकोचं नावही काढलं नाही.

नेव्हिल दाराशी आडवा आला. न विचारता जाते म्हणजे हिला संशय आलाय, त्याशिवाय का? आपणच सांगून टाकावं हे बरं.

"केकचं दुकान माझ्या बायकोचं आहे," तो घाईघाईने म्हणाला, "पण आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. चूलही वेगळी. मी तिचं तोंडसुद्धा पाहत नाही." शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज कापला.

मिस हॅटर्सली थांबल्या. "हे तुम्ही मला का सांगताय, मिस्टर ओल्डरॉइड?"

"ती मर्यादा आहे ना, म्हणून. एका मालकाची."

"अहो, ती शे-दोनशे पब असलेल्या कंपन्यांसाठी. तुमचे दोन्ही धंदे मिळून तिच्या जवळपासही पोहोचत नाहीत. खुशाल एका घरात राहा. दोघांनाही मिळेल."

नेव्हिल मटकन खुर्चीत बसला आणि मग पोट धरून हसत सुटला. तीन महिने! उगाचच! त्याने खुंटीवरचा कोट ओढला, एक बाही चढवली, आणि हसता हसता म्हणाला की मी हा असाच घरी निघालो, लोरेनला आधी हे सांगायला हवं, ती तर कपाळावर हात मारून घेईल.

"पण त्यांना माहीत आहे," मिस हॅटर्सली म्हणाल्या. "जानेवारीतच फोन करून त्यांनी मला हे विचारलं होतं. तुम्हालाही कळवू का म्हटलं, तर म्हणाल्या, नको, नवऱ्याला मी सांगते."