हंस आल्याचा फोन

“आले का हो हंस?” आतल्या खोलीतून बायकोनं विचारलं.

नावाडी डॉक्टरांकडून नुकताच परतला होता. अजून चपलाही काढल्या नव्हत्या. बायको अंथरुणाला खिळलेली, आणि तिथून तळं दिसत नव्हतं, हे एक बरं होतं. तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. त्याची होडी काठावर उपडी पडली होती. हंस बघायला माणसं यायची. हंसच नाहीत तर त्यांना काय, पाणी दाखवणार?

लेक दूर उत्तरेकडे नोकरीला होती. हंसांचा उन्हाळाही तिकडेच जायचा. थंडीत ते इथे उतरले की आई तिला फोन करायची. तुझ्या तिकडचे पोचले, तू कुठे अडलीस, असं दटावायची. की लेक रजा टाकून हजर. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. यंदा मात्र बायकोनं त्याला शपथ घातली होती, की दुखण्याचं अवाक्षर काढायचं नाही. पोर हातातलं काम टाकून धावत येईल. हंस आले की येणारच आहे ना ती, मग कशाला जिवाला घोर?

आज डॉक्टर म्हणाले होते, जवळच्या माणसांना बोलावून घ्या.

“आले,” नावाडी आत येत म्हणाला. “सकाळीच उतरले.”

हंसांच्या बाबतीत तो जन्मात खोटं बोलला नव्हता. भाडं बुडालं तरी चालेल, पण नाहीत तर नाहीत म्हणून सांगायचा. बायकोचा चेहरा असा खुलला की त्याला बघवेना. मग लावा की फोन, ती पुटपुटली. दोन शब्द बोलली तरी तिला आता धाप लागत होती. म्हणून या वेळी तिच्या उशाशी बसून त्यानंच फोन लावला.

हंस आलेत, त्यानं सांगितलं. तळं नुसतं भरून गेलंय. तू आजच निघ.



“बाबा, इथली नदी यंदा गोठलीच नाही,” लेक हळूच म्हणाली. “हंस इथून हललेच नाहीत. सगळे माझ्या खिडकीखाली आहेत.”

त्यानं फोन कानाशी घट्ट धरला. काय म्हणते, असं बायको डोळ्यांनीच विचारत होती.

“बाबा,” लेकीनं विचारलं, “आईला काय झालंय?”