माळ्यावरची पेटी

वरचं बोलावणं येईल तेव्हा धावपळ नको, म्हणून रग्ना म्हातारीने आपल्या मापाची शवपेटी कधीच करून माळ्यावर ठेवली होती. तोवर तिच्यात हिवाळाभर टिकणाऱ्या जवाच्या कडक भाकऱ्या राहत. बर्फाने दरीचा रस्ता बंद झाला आणि शेजारचा हाल्वोर वारला. बांधावरून त्याचा रग्नाशी उभा दावा होता. त्याच्या घरात शवपेटीपुरती सुकी फळीही नाही हे कळताच तिने भाकऱ्या टोपलीत काढल्या. “ओद्वार, ही पेटी त्यांच्याकडे पोचव.” मुलाने पेटीची लांबी वितीने मोजली. “आई, अगं ताडमाड माणूस तो! गुडघे दुमडावे लागतील.” “दुमडू देत. जन्मभर माझ्यापुढे वाकला नाही मेला.” “तूच म्हणायचीस ना, त्याचं तोंडसुद्धा बघणार नाही?” “इथं नाही बघितलं, चाललं,” पेटीतला चुरा झटकत ती म्हणाली. “पुढे प्रभूच्या घरी कायमचा शेजार आहे, बाबा. तिथं मरून सुटायचीही सोय नाही!”