विकलेला माल

आम्रपालीच्या राहत्या बोटीवरचा गीझर हेलकाव्यांनी भिंतीतून उखडून पडला होता, आणि उद्यापासून पाहुणे येणार होते. नवा घ्यायला ती पानशेतहून थेट बुधवार पेठेत आली.

"बोटीला गीझर?" दुकानदार शेंड्यांनी मानही वर केली नाही. "उद्या रिक्षाला गच्ची मागाल."

भिंतीवर ओळीनं गीझर टांगलेले होते. पंखा बंद होता. तरी कोपऱ्यातला एक लहानसा गीझर संथ डुलत होता, खाली पाणी असल्यासारखा.

"काका, हाच द्या. ह्याला सवय दिसतेय."

"आला तेव्हापासून तो तसाच आहे, बाई. पाटी वाचलीत ना? विकलेला माल परत घेतला जात नाही."

संध्याकाळी बोटीवर तिनं शेवटचा स्क्रू आवळला, आणि बोट जागच्या जागी थांबली. वारा पिसाटला होता, शेजारच्या होड्या उड्या मारत होत्या. तिच्या काठोकाठ भरलेल्या कपातला चहा मात्र हलत नव्हता. जिंकले! आता एकाही पाहुण्याला मळमळणार नव्हतं.

तेवढ्यात शेंड्यांचा फोन आला.

"ताई, तो परत आणा हो. हात जोडतो."

"विकलेला माल परत दिला जात नाही, काका," ती मोठ्यानं हसली.

एक लाट बोटीखालून सरकत गेली. बोट हलली नाही. फोनमध्ये मात्र दुकानातले सगळे गीझर एकदम भिंतीवर आदळले, आणि शेंडे किंचाळले.

आम्रपालीनं पाण्याकडे पाहिलं. मागून येणारी लाट पहिलीहून मोठी होती.