शेवटचं वळण

मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर आई ट्रॅकवर मोटरसायकल पळवायला लागली आणि मुलाचा जीव टांगणीला लागला. आज तिला समजावून कायमचं घरी न्यायचं, असं ठरवूनच तो सोबत आला होता. शेवटच्या वळणाजवळचा कठडा दोन्ही हातांनी धरून तो उभा राहिला.

आईला मात्र आज प्रत्येक फेरीला नेहमीपेक्षा जास्तच वेळ लागत होता. ती थांबली तेव्हा प्रशिक्षक बुचकळ्यात पडला होता.

"बाई, बाकी सगळीकडे मस्त जाता. त्या शेवटच्या वळणावरच गाडीची रेस का कमी करता?"

"तिथे पोरगा उभा आहे रे. त्याचा चेहरा दिसला की हात आपोआप सैल पडतो."

मागे येऊन उभ्या राहिलेल्या मुलाने ते ऐकलं. समजावणीचे शब्द अगदी ओठांवर आले होते, पण आईचा घामेजलेला, हिरमुसलेला चेहरा बघून त्याने ते गिळले.

"मी कारमध्ये जाऊन बसतो, आई. तू जा."

पुढच्या खेपेला आईने आजवरची तिची सगळ्यात वेगवान फेरी मारली. हेल्मेट काखेत मारून ती तडक कारपाशी आली. मुलगा ट्रॅककडे पाठ करून, डोळे घट्ट मिटून बसला होता. काच मात्र पूर्ण खाली होती.

"बघितलंस का?"

"छे गं, बघायची हिंमत कुठली," तो डोळे उघडत हसला. "पण ऐकलं. शेवटच्या वळणावर रेस जराही कमी केली नाहीस."